हाताला दोन बोटं

आमचे जावई लक्ष्मणराव यांनी समुद्राला गाद्या शिवल्या. मोशीत हे कुणालाही सांगितलं की माणूस आधी माझ्याकडं बघतो आणि मग माझ्या लेकीकडं, दिपालीकडं. आजीच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना, असं त्याला विचारायचं असतं. म्हणून एकदाचं पहिल्यापासून लिहून टाकते.

लक्ष्मणराव मूळचे कळंबकडचे. दिपालीला बघायला आले तेव्हा पोहे झाले, चहा झाला, पण यांच्या तोंडून शब्द नाही. आमच्या ह्यांनी मला डोळ्यानं खुणावलं, मुका दिसतोय. तेवढ्यात लक्ष्मणरावांनी बसल्या गादीचा कोपरा चाचपला आणि म्हणाले, "ही कुणी भरली? कोपरे उपाशी ठेवलेत." ती गादी मी आणलेली होती आणि आमचे हे वीस वर्षं तेच म्हणत होते. त्यांनी तिथल्या तिथं होकार देऊन टाकला. मुलीला विचारायचं राहिलं, ते मग संध्याकाळी विचारलं.

गादीचं काम ते कळंबला मेहबूब चाचांच्या हाताखाली शिकले. चाचांचा एक नियम होता. गादीची खोळ रिकामी असते तेव्हा ऐसपैस दिसते, पण कापूस भरून फुगली की लांबीरुंदीला आखडते. म्हणून कापताना दर हाताला दोन बोटं कापड जास्त धरायचं. हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. गिऱ्हाईक पलंगाचं माप देणार, त्यावरून खोळीचं माप आपण काढायचं. आणि ती दोन बोटं गिऱ्हाईकाला सांगायची नाहीत. सांगितली की ते म्हणतं, एक बोट कमी करा.

लग्नानंतर दोन वर्षांनी लक्ष्मणराव मोशीला आले, कारण कळंबमध्ये तोवर गाद्यांपेक्षा गादीवाले जास्त झाले होते. आमच्या घरामागचा गोठा म्हशी विकल्यापासून मोकळाच होता. तिथं त्यांनी मशीन टाकलं. दहा-बारा वर्षं बरी गेली. नव्या सोसायट्या उठत होत्या आणि माणसं अजून कापसावर झोपत होती. मग स्पंजाची गादी आली. ती दुकानातून गुंडाळून येते आणि प्लास्टिक फाडलं की स्वतःची स्वतः फुगते. लक्ष्मणरावांनी शेजारच्या बिल्डिंगीत जाऊन ती फुगताना एकदा बघितली. परत आले, जेवले, आणि दुसऱ्या दिवसापासून ट्रकच्या ताडपत्र्या शिवायला घेतल्या. त्याबद्दल त्यांनी कधी काही बोलून दाखवलं नाही. पिंजायची धनुकली तेवढी अजून भिंतीला टांगलेली आहे.

नीला मॅडम आल्या त्या ताडपत्रीमुळंच. मॅडम इंजिनिअर, राहायला रावेतला, आणि चाकणला जाड कापड विणणाऱ्या एका कंपनीत कामाला. एकदा चाकण चौकात त्यांची स्कूटर एका ट्रकच्या मागं सव्वा तास अडकली. बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी ताडपत्रीची शिवण बघितली. सव्वा तास बघून त्यांना ती आवडली. ड्रायव्हरकडून पत्ता घेतला आणि दुसऱ्या दिवशी थेट आमच्या गोठ्यात.

"दादा, गाद्या शिवाल का?" मॅडम म्हणाल्या.

"आता कोण घेतंय गाद्या," लक्ष्मणराव म्हणाले.

"बंदर घेतंय."

मी जात्याजवळ बसून तांदूळ निवडत होते. निवडायचे थांबले.

मॅडमनी समजावून सांगितलं. कोकणात एक बंदर आहे. नाव लिहीत नाही, भिंत त्यांची आहे, तिची चारचौघांत चर्चा नको. तिथं जहाज लागतं तो धक्का म्हणजे एक उंच भिंतच, पाय समुद्राच्या तळात रोवलेली. जहाजाला खालून पंखे असतात. जहाज भिंतीला लागताना आणि सुटताना ते पंखे जोरात फिरतात, आणि पाण्याचा झोत भिंतीच्या बुडाशी जाऊन तळाची वाळू उपसून काढतो.

लक्ष्मणरावांनी मान हलवली, पण ती कळाल्याची मान नव्हती. तेव्हा मॅडम उठल्या, अंगणातली पाण्याची नळी घेतली आणि तिचं तोंड आमच्या भिंतीच्या बुडाशी धरलं. बघता बघता ताटलीएवढा खड्डा पडला.

"अहो मॅडम, भिंत आमची हाय," मी म्हणाले.

"तेच म्हणतेय आजी. रोज दोन जहाजं, वर्षानुवर्षं. खालचं सगळं निघून गेलं की भिंत कशावर उभी राहणार?"

"मग जहाज लांब उभं करा की."

"माल उतरवायचा तर चिकटूनच उभं राहावं लागतं."

"पंखा बंद करायचा."

"मग ते हलणार कसं?"

माझ्याकडं एवढेच दोन उपाय होते. त्यांच्याकडं तिसरा होता. जाड नायलॉनच्या दुहेरी कापडाच्या मोठ्या खोळी शिवायच्या. गादीला मारतो तसे आतून दोरे घ्यायचे, म्हणजे ती फुग्यासारखी फुगत नाही. पाणबुडे त्या रिकाम्या खोळी समुद्राच्या तळावर भिंतीला लागून अंथरतात, एकीला एक चेनीनं जोडतात, आणि मग वरून पाईपनं त्यांत सिमेंट-वाळूचं पातळ पिठलं सोडतात. दोन दिवसांत त्याचा दगड होतो. मग पंखा कितीही फिरू दे, वाळू गादीखाली.

"म्हणजे कापसाऐवजी सिमेंट," लक्ष्मणराव म्हणाले.

"बरोबर."

"आन् झोपणार कुणीच न्हाई."

"कुणीच नाही."

"मंग तक्रार येणार न्हाई," असं म्हणून त्यांनी काम घेतलं. मी त्यांना इतकं खुशीत फार कमी वेळा बघितलंय. भिंतीवरची धनुकली उतरवून त्यांनी पुसली आणि परत टांगली.

आधी नमुन्याची एक लहान खोळ शिवायची होती. मॅडम कागद देऊन म्हणाल्या, "भरल्यावर बरोबर चार फूट बाय चार फूट झाली पाहिजे." मला पाढे आठवत नाहीत, पण हे लक्षात राहिलं, कारण ती आमच्याच अंगणात भरणार होते आणि अंगणातली जागा कोण किती खातंय याच्यावर माझं लक्ष असतं. ठरलेल्या दिवशी कंपनीची चार माणसं पंप घेऊन आली. पाईप एकदा सुटला आणि एका साहेबांच्या बुटात सिमेंट गेलं. त्या गडबडीत खोळ भरली, फुगली, छान गुबगुबीत झाली. सगळ्यांनी तिच्याबरोबर फोटो काढले. टेप कुणी लावला नाही.

माणसं गेली, दगड राहिला. तो कुणाच्या बापाला हलणार नव्हता. चार दिवस मी बोलत होते, पाचव्या दिवशी त्याच्यावर मिरच्या वाळत घातल्या.

मग खऱ्या खोळी सुरू झाल्या. एकंदर चौदा. एकेक बावीस फूट लांब, तेरा फूट रुंद, असं कागदावर लिहिलेलं. लक्ष्मणराव कापायचे आणि मशीनवर बसायचे, दिपाली चेनी लावायची, आणि दिघीच्या सुमनताई आतले दोरे ओवायच्या. सुमनताई गोधड्या शिवणारी बाई. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "एवढी मोठी गोधडी! समुद्राला बायकापोरं किती हायेत?" महिनाभर काम चाललं. कंपनीचा माणूस दर आठवड्याला येऊन एका इंचात टाके किती ते भिंगातून मोजायचा आणि शाबासकी देऊन जायचा. लांबी त्यानं मोजली नाही. बावीस फूट कापड उलगडायला आमच्याकडं जागाच नव्हती, आणि होती तिथं दगड बसला होता.

मार्चच्या शेवटी, एका मंगळवारी सकाळी चौदा गुंडाळ्या टेम्पोत चढल्या. लक्ष्मणरावांनी टेम्पोच्या मागं नारळ फोडला. सुमनताईंनी डोळे पुसले.

त्याच दुपारी मी साबुदाण्याच्या पापड्या घालायला घेतल्या. दगड ऊन धरतो, पापडी लवकर वाळते. त्यासाठी मी सुमनताईंकडून चार फूट बाय चार फूट मांजरपाटाचं कापड मुद्दाम काठ दुमडून शिवून घेतलं होतं. कापड अंथरलं तर ते पुरेना. एकीकडून ओढावं तर दुसरीकडं दगड उघडा. चांगला पाच-सहा बोटं उघडा.

"लक्ष्मणराव," मी हाक मारली, "तुमचा दगड उन्हानं वाढला का?"

ते गोठ्याच्या दारात उभे राहून बघत होते. आत गेले, टेप आणला, दगडावर लावला. परत लावला. मग खाली बसले, तिथंच, पापड्यांच्या पिठाच्या पातेल्याशेजारी.

"मामी," ते म्हणाले, "ही बाई मापात बोटं आधीच धरून आली व्हती."

मला लगेच उमगलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं. तीस वर्षांत जे गिऱ्हाईक आलं त्यानं पलंगाचं माप दिलं. मॅडमनी कागदावर लिहिलं ते कापडाचं माप, नमुन्याचंसुद्धा. भरल्यावर किती आखडणार याचा हिशेब त्यांनी ऑफिसात बसून आधीच केला होता. लक्ष्मणरावांनी कागद बघितला आणि हातानं सवयीनं वर दोन-दोन बोटं धरली. नमुन्यातही धरली, चौदाच्या चौदा खोळींतही धरली. बावीस फुटांत ती बोटं पावणेदोन फूट होतात. आणि चाचांची शिकवण म्हणून सांगितलं कुणालाच नाही.

दिपाली बाहेर आली. तिला कळल्यावर ती म्हणाली, "मोठ्याच झाल्यात ना? लहान तर न्हाई झाल्या. जागेवर दाटीनं बसतील. कशाला सांगायचं?"

"दाटीनं बसत न्हाई. घडी पडती."

"पडू द्या की घडी. पाण्याच्या खाली कोण बघतंय?"

"पाणी बघतंय," लक्ष्मणराव म्हणाले. "गादी फाडायची तर आपण काय करतो? घडीत आधी एक बोट घालतो. बोट गेलं की हात जातो. हात गेला की उचलायची आन् फाडायची. त्या पंख्याच्या पाण्याला घडी घावली की त्ये तेच करणार. गादी उचलंल, वाळू खाईल. वरून भिंत चांगली दिसंल. आन् भिंतीवर माणसं काम करत असतील."

"आणि मॅडमनी काम काढून घेतलं तर? परत ताडपत्र्या?" दिपाली म्हणाली. "महिनाभर तुमी घरात बोलायला लागला होतात. मला सवय झालीय आता."

लक्ष्मणरावांनी टेप गुंडाळून खिशात घातला. मग फोन लावला आणि आम्हाला ऐकू जावं म्हणून मोठ्या आवाजावर टाकला.

"मॅडम, लक्ष्मण बोलतोय. चौदाच्या चौदा चुकल्यात."

"म्हणजे?" पलीकडून आवाज आला.

"मोठ्या झाल्यात. लांबीत पावणेदोन फूट, रुंदीत फूटभर."

"असं कसं? मी तुम्हाला माप दिलं होतं."

"मला वाटलं पलंगाचं."

"कुठला पलंग?"

मीच फोनजवळ तोंड नेऊन चाचांपासून सगळं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पहिली खोळ उद्या दुपारी पाण्यात जाणार आहे म्हणाल्या. साहेबांशी बोलून परत फोन करते म्हणाल्या. अर्ध्या तासानं केला. साहेबांचं म्हणणं असं की जास्तीचं कापड दुमडून द्या ढकलून, मुदत जवळ आलीय, पावसाच्या आत काम उरकायचंय.

"तुमचं काय म्हणणं?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"माझं म्हणणं दुमडायचं नाही. पण परत मोशीला आणून दुरुस्त करायला वेळ नाही दादा."

"आणायच्या कशाला? मी येतो तिथं. तोवर एक पण पाण्यात घालू नका."

मॅडमनी साहेबांना गाडी मागितली. साहेब म्हणाले, चूक शिवणाऱ्याची आहे, गाडी कंपनीची कशाला. मग लक्ष्मणराव, दिपाली आणि सुमनताई एसटीनं गेले. पोती शिवायचं हातातलं मशीन लक्ष्मणरावांनी मांडीवर घेतलं होतं. दिपाली सांगते, सगळा घाट त्यांनी ते लेकरासारखं धरून काढला आणि बाहेर एकदाही बघितलं नाही. सुमनताईंनी मात्र बघितलं, आणि दोनदा ओकल्या.

पुढचं सगळं दिपालीनं सांगितलेलं. धक्क्यावर सिमेंटची ऐसपैस जमीन, आमच्या मोशीच्या मैदानाएवढी. लक्ष्मणरावांनी खडूनं तिथं बावीस फूट बाय तेरा फूट चौकोन आखला. एकेक खोळ उलगडायची, चौकोनात बसवायची, बाहेर राहील तेवढं कापायचं, चेन उसवायची, परत लावायची. दोन बाजू, प्रत्येक खोळीच्या. ऊन डोक्यावर. सुमनताईंनी पहिल्यांदाच टोपी घातली, ते कुणाचं तरी पिवळं हेल्मेट होतं.

तिथल्या पाणबुड्यांचे मुख्य दौलतराव. नौदलातून निवृत्त झालेला माणूस, रत्नागिरीचा. काम बंद असल्यामुळं त्यांना बसून राहावं लागत होतं, म्हणून ते चिडून यायचे आणि बघत उभे राहायचे.

"लक्ष्मणराव, एवढं बारीक कशाला करताय? खाली चिखल आहे सगळा. मला स्वतःचा हात दिसत नाही."

"मंग काम कसं करता?"

"चाचपून."

"मी पण," लक्ष्मणराव म्हणाले.

तेव्हापासून दौलतरावांचं चिडणं बंद झालं. ते कापडाचं दुसरं टोक धरायला लागले.

दुसऱ्या दिवशी एक भलंमोठं जहाज सुटलं. आमच्या गल्लीतल्या चार बिल्डिंगी आडव्या ठेवल्यासारखं, दिपाली म्हणते. पंखे फिरले आणि भिंतीच्या कडेचं पाणी तळातून चहासारखं लाल होऊन वर आलं. सगळे काठावर गेले. सुमनताई तर हात जोडून उभ्या राहिल्या. लक्ष्मणराव पाठमोरे बसून चेन लावत होते.

"अहो मागं बघा की जरा," दौलतराव ओरडले. "समुद्र बघायला माणसं पैसे खर्चून येतात!"

"असू दे. कुठं जातोय."

पण पाणी लाल झालं तेवढं त्यांनी मान वळवून बघितलं. "ही वाळू?" त्यांनी विचारलं. दौलतराव हो म्हणाले. मग चेन परत उसवली, म्हणे टाका एक सैल पडला होता.

चार दिवसांत चौदा झाल्या. पाचव्या दिवशी पहिली खोळ पाण्यात गेली, मग दुसरी, तिसरी. भरायचं काम सुरू झालं. लक्ष्मणरावांचं काम संपलं होतं, दिपाली म्हणत होती चला आता घरी, पण ते हलेनात. पहिल्या तीन गाद्या भरून त्यांचा दगड होईपर्यंत ते धक्क्यावर गोणपाटावर बसून राहिले. मग दौलतराव तपासायला खाली उतरणार, तेव्हा त्यांच्याजवळ गेले.

"एक काम करा. गादी आन् भिंत, मधी बोट जातं का बघा."

"कुठलं बोट?"

"करंगळी."

दौलतराव खाली गेले. पाण्यावर बुडबुडे आले, तेवढंच. वीस मिनिटं लक्ष्मणराव त्या बुडबुड्यांकडं बघत उभे होते. दिपाली म्हणते, लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढे घाबरलेले नव्हते. नीला मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

दौलतराव वर आले. तोंडावरचं काढलं, धाप टाकली, आणि हातमोजा काढून करंगळी वर केली.

"नाही जात."

"सगळीकडं बघितलं?"

"या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका जागी नख जातं. बोट नाही जात."

"नख चालतंय," लक्ष्मणराव म्हणाले आणि मशीन पिशवीत घालायला लागले.

घरी आले तेव्हा मी विचारलं, "समुद्र कसा व्हता?"

त्यांनी विचार केला. "मागं व्हता," म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.

साहेबांनी चार महिने काम दिलं नाही. लक्ष्मणरावांनी ताडपत्र्या शिवल्या आणि घरात परत मुके झाले. दिपालीनं ते सहन केलं, मी पण केलं. मग गणपतीच्या आधी नीला मॅडमची स्कूटर दारात थांबली. दुसऱ्या बंदराचं काम होतं, अठरा खोळींचं. भिंत अजून जागेवर आहे, गाद्याही आहेत, दौलतराव मधून मधून करंगळी घालून बघतात, असंही त्या म्हणाल्या. त्यांनी नवा कागद पुढं केला. सगळा इंग्रजी, पण मापाच्या जागी मॅडमनी मराठीत दोन ओळी लिहिल्या होत्या. एका ओळीपुढं पलंग, दुसरीपुढं कापड. ऑफिसात साहेबांनी विचारलं म्हणे, पलंग काय आहे? मॅडमनी सांगितलं, समुद्र.

लक्ष्मणरावांनी कागद दोनदा वाचला. मग त्यांनी मॅडमना चाचांची दोन बोटं स्वतःच्या तोंडानं सांगितली, कुणाही गिऱ्हाईकाला पहिल्यांदाच. मॅडमनी ती लिहून घेतली.

अंगणातला दगड आहे तिथंच आहे. या वर्षी मी म्हणाले, लक्ष्मणराव, पापड्यांचं कापड नवीन शिवून द्या, सुमनताईंचं पुरत नाही.

"माप दगडाचं देताय का कापडाचं?" त्यांनी विचारलं.

"दगडाचं," मी म्हणाले. तरी ते टेप घेऊन बाहेर आले, आणि स्वतः मोजलं.